जाळीतला लाकडी घोडा

मी एक जुना घोडा आहे, मित्रांनो, पण जन्मात एक पाऊलही चाललेलो नाही. माझे चारही पाय लाकडाचे आहेत आणि जमिनीत पुरलेले आहेत. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या एका मोठ्या हवेलीमागे, तबेल्याच्या पलीकडे, तारेच्या जाळीने वेढलेल्या खोलीत मी उभा आहे. पाठीवर खरे खोगीर, तोंडात खरा लगाम. पोलो शिकणाऱ्याने माझ्यावर बसायचे आणि लांब काठीने खालचा चेंडू हाणायचा. खोलीची जमीन चारी बाजूंनी माझ्याकडे उतरती. चेंडू जाळीवर आपटतो आणि घरंगळत पुन्हा माझ्या पायाशी येतो. कुणाला आणून द्यावा लागत नाही. हाच माझा मोठा गुण, असे सगळे म्हणत.

हवेलीच्या सुताराने मला हवेलीचे मालक लॉर्ड थॉर्नकोम यांच्यासाठी घडवले. पण माझ्यावर आयुष्य काढले ते त्यांच्या मुलाने, ऑब्रीने. पाय रिकिबीत पोचत नव्हते तेव्हाच बापाने त्याला माझ्यावर बसवले.

"रडायचं असेल तर खाली उतर," ते म्हणाले, "आणि उतरलास तर मला तोंड दाखवू नकोस."

पोरगा रडला नाही. लवकरच त्याला दूरच्या शाळेत धाडले. आई लंडनला असे. सुट्टीत घरी आला की तो आधी माझ्याकडे येई आणि माझ्या मानेला गाल लावून बसे. मित्रांनो, ज्या घरात बूट काढायलाही माणूस होता, त्या घरात पोराला जवळ घ्यायला कुणी नव्हते. लोक याला खानदानी वळण म्हणतात. मी निर्दयपणा म्हणतो.

धाकटा भाऊ जोसलिन वेगळ्याच मातीचा. त्याला सगळे जॉस म्हणत. तो घोडे राखणाऱ्या मोतद्दारांच्या संगतीत, जिवंत घोड्यांवर, पडत-धडपडत शिकला. जाळीला नाक लावून तो थोरल्याला चिडवी.

"अरे ऑब्री, लग्नच लावून टाक त्याच्याशी! चल, जेवायला चल."

"तू हो पुढे. अजून थोडे मारतो."

"बघ हं, दमला तुझा घोडा. घाम फुटलाय त्याला!"

तो हसत निघून जाई. ऑब्रीला जावेसे वाटे, हे मला त्याच्या मांड्यांवरून कळे. तो जात नसे.

पुढे ऑब्री नावाजला. चांदीचे चषक आले. सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर उतरून, खुरांनी उखडलेली हिरवळ पायांनी दाबत फिरणाऱ्या टोपीवाल्या बायका त्याचेच नाव घेत. अर्जेंटिनाहून आणलेल्या घोड्यांबरोबर त्याच्या तसबिरी निघाल्या. माझ्याबरोबर एकही नाही. तरी सामना संपला की तो माझ्यापाशी येऊन सगळे सांगे. दुसऱ्या कुणाला सांगत नसे.

मग हवेलीचा वार्षिक सामना आला. दोघे भाऊ समोरासमोर खेळले. पोलोत एक कायदा सगळ्यांत मोठा. चेंडू ज्या रेषेत धावतो, त्या रेषेवर जो आधी आहे, त्याची ती वाट. तिला आडवे जायचे नाही. गेलात तर घोड्यावर घोडा आदळतो आणि माणसे मरतात.

त्या दिवशी काय झाले ते मला पार्जिटरकडून कळले. हा तिथला मुख्य मोतद्दार. माझ्या जाळीला टेकून तो नालबंदाशी बोलत होता.

"धाकट्या साहेबांची वाट होती, स्वच्छ. थोरले मध्येच घुसले. जसं काही मैदानात दुसरं कुणी नाहीच!"

"मग पंचाने शिट्टी नाही मारली?"

"कशी मारेल? पाहुणा ना तो! रात्री ह्यांच्याच टेबलावर जेवायचं होतं त्याला."

जॉसची घोडी पडली, तिचा पाय मोडला. कनातीआड तिला गोळी घातली. जॉसच्या गुडघ्याचा चुरा झाला आणि त्याचे घोड्यावर बसणे कायमचे संपले. रात्री टेबलावर मंडळी पावसापाण्याविषयी आणि कुत्र्यांविषयी बोलली. वाईट घडलेले बोलायचे नाही, ही इथली सभ्यता.

मला आश्चर्य वाटले नाही. माझ्या खोलीत प्रत्येक चेंडू ऑब्रीकडेच येई आणि प्रत्येक वाट त्याचीच असे. समोरून कुणी येतच नसे. एकट्या पोराला असे वाढवलेत, तर भाऊ त्याला दिसणार कसा?

जॉसने ऑस्ट्रेलियाला मेंढ्यांच्या कुरणावर जायचे ठरवले. निघायच्या दिवशी ऑब्री माझ्यावर बसून चेंडू हाणत होता, तेव्हा तो काठी टेकत आला आणि थेट जाळीच्या आत शिरला.

"निघतोय मी, ऑब्री."

"हं. हवा बरी आहे. समुद्र शांत असेल." ठक्.

"थांबव ते."

ठक्.

चेंडू घरंगळत परत येऊ लागला, तसा जॉस उतारावर त्याच्या आडवा उभा राहिला. "आता मार."

"बाजूला हो, मूर्खा."

"मला जमीन नको, चषक नकोत. एक वाक्य हवंय. चूक कुणाची होती, तेवढं तोंडाने सांग. मग आपण पुन्हा भाऊ. एवढी पत्रं टाकीन की वैतागशील."

ऑब्रीच्या मांड्या माझ्या पाठीला घट्ट आवळल्या.

"तुझी घोडी..."

"बोल. माझी घोडी?"

"चांगली होती रे, तुझी घोडी."

"हो," जॉस म्हणाला, "चांगली होती." पायाने चेंडू त्याच्याकडे ढकलून तो लंगडत निघून गेला.

मोटारीचा आवाज फाटकाबाहेर विरला. तेव्हा ऑब्रीने माझ्या मानेवर डोके टेकले.

"चूक माझी होती, जॉस. मी आडवा आलो."

सांगितले कुणाला? लाकडाला! सुताराने मला कानसुद्धा कोरलेले नव्हते. मला उधळता आले असते, तर त्याला फाटकापर्यंत नेऊन आदळले असते.

जॉसचे पत्र आले नाही, तोही आला नाही. ऑब्री मात्र म्हातारा होईपर्यंत रोज आला. हातात पोलोची काठी नसे. तेच वाक्य सांगे आणि जाई. मग तोही यायचा थांबला. जाळी गंजली, खोगीर उंदरांनी खाल्ले. आता हवेली बघायला येणारे म्हणतात, याला रंग द्यायला हवा, जपायला हवे.

मित्रांनो, मला नका जपू. लाकूड सडले तर सडू द्या. पण ज्याची माफी मागायची आहे, तो माणूस अजून तुमच्या समोर उभा असेल, तर त्यालाच सांगा, आणि आत्ता सांगा. माझ्याकडे येऊ नका. एकाची माफी इथे कधीची पडून आहे आणि ती न्यायला कुणी येत नाही.