भिंतीपलीकडची भाजी

वाचकहो, नकाशावर जे अंतर सातशे चाळीस मीटर भरले, ते प्रत्यक्ष चालून पाहिले तेव्हा काय घडले, याची हकीकत पुढे सविनय कथन करीत आहे.

संशोधन अधिकारी बाईंनी लाल पेन्सिलीने 'सोय नाही' हा शेरा खोडला आणि कागद टेबलावरून, वस्त्यांची पाहणी करणाऱ्या अन्वेषकाकडे सरकवला.

"पद्धत ठरलेली आहे. वस्तीपासून मंडईपर्यंत नकाशावर सरळ रेघ. एक किलोमीटरच्या आत भरली, की ताज्या भाजीची सोय आहे असं धरायचं."

"पण मॅडम, ही रेघ मालगाड्यांच्या यार्डातून जाते. मधे दोन पुरुष उंच भिंत आहे. माणसं जिन्याच्या पुलावरून वळसा घालून जातात."

"चौसष्ट वस्त्यांची पाहणी आहे. एकीला सूट दिली, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

उत्तर बिनतोड होते. ज्या वस्तीपुढे 'सोय नाही' असा शेरा पडेल, तेथेच सरकारी भाजीची गाडी आठवड्यातून तीनदा उभी राहणार होती. आणि यादी दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांकडे जायची होती. अन्वेषक एरवी उलटून बोलणारा इसम नव्हता. त्याने कागद उचलला, पण तो दाराकडे वळला नाही.

"मॅडम, एकदा चालून बघा. मग खोडा."

"खोडलंय आधीच," असे म्हणत बाई उठल्या व त्यांनी चप्पल पायात सरकवली.

मंडईच्या फाटकाशी त्या वस्तीतल्या, अन्वेषकाच्या ओळखीच्या मावशी उभ्या होत्या. उशांच्या खोळी शिवून त्या संसार ओढीत. यजमानांची साखर वाढून पायाची जखम तीन महिने भरत नव्हती. रोज पालेभाजी द्या, असे डॉक्टरांनी बजावले होते. परंतु मावशींच्या गुडघ्यांना आठवड्यातून एकच फेरी झेपत असे. पाला दोन दिवसांत कोमेजे. मग उरलेले दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातली बिस्किटे व शेवयांची पाकिटे यांवर भागवावे लागे.

"ह्याच का त्या सरळ रेघवाल्या बाई?" मावशींनी अन्वेषकाला मोठ्यानेच विचारले. "अहो, भिंतीवरून उडी मारते म्हटलं तर मारीनही. ह्यांची तेवढीच करमणूक होईल. पण भाजीचा चेंदा होईल त्याचं काय?"

बाईंना हसू आले. पण त्यांनी ते आवरले.

"चला मावशी. मी बरोबर चालते."

"रिकाम्या हातानं? ते तर फिरायला जाणं झालं." मावशींनी दोन्ही पिशव्या त्यांच्यापुढे धरल्या. एकीत कोबी, दुधी व बटाटे, दुसरीत पालकाच्या चार जुड्या आणि टोमॅटो होते. "जपून हो, टोमॅटो खाली जाऊ देऊ नका."

अन्वेषकाने मनगटावरच्या घड्याळाचे बटण दाबले. पिशव्या घेण्यासाठी त्याने हात पुढे केला, तेव्हा बाईंनी मान हलवली.

भिंतीच्या कडेने रस्ता लांबतच गेला. भिंतीला एक फट होती. तीमधून मावशींच्या घराचा निळा पत्रा अगदी समोर दिसत होता. बाई तेथे क्षणभर रेंगाळल्या. पुढे पुलाचा जिना लागला. मावशी कठड्याला धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत चढू लागल्या. बाई झपझप पुढे गेल्या खऱ्या. परंतु तिसाव्या पायरीवर त्यांना धाप लागली. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्या तेथेच बसल्या. बोटांवर बंदांचे लाल वळ उठले होते. त्या ते चोळू लागल्या.

पाहणीच्या रिवाजात थांबण्याचा वेळ धरीत नसत. सवयीने अन्वेषकाचे बोट बटणावर गेले.

"राहू द्या. चालू राहू द्या," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मावशी वर येऊन पोचल्या व शेजारी टेकल्या.

"मावशी, घरी पोचेपर्यंत तुम्ही किती वेळा थांबता?"

"चार वेळा. पाऊस असला की पाच. आणि नुसती बसत नाही हो, दर वेळी ह्यांच्या नावानं खडे फोडते. म्हणून जरा जास्त वेळ लागतो."

आता मात्र बाई मोकळेपणी हसल्या. मग त्यांनी अन्वेषकाच्या पायांकडे पाहिले. डाव्या चपलेचा अंगठा शिवलेला होता.

"तुमच्याकडे बूट आहेत का?"

"आहेत. लग्नातले."

"चालायचे घ्या. यादी उद्या जाणार नाही, मी वर कळवते." त्यांनी पिशव्या हातांत अदलून बदलून घेतल्या, पालकाची एक जुडी वर आली होती ती आत दाबली, आणि त्या उठल्या. "अजून त्रेसष्ट वस्त्या आहेत."

अन्वेषकाच्या तोंडून ऐकलेली हकीकत येथे संपली. आपण अमूल्य वेळ खर्चून ती वाचलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
शिपाईमामा, पाहणी कचेरी