डावा तळवा, उजवा अंगठा

करमाडच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा-नवरीच्या सोफ्यावर हळदी महाराज बसले होते आणि बँडवाले थांबतात तिथं आम्ही, म्हणजे संशयित, रांगेत उभे होतो. मे महिन्यातली दुपार होती आणि माझ्या अंगावर कोट होता. गुप्तहेरानं कोट घालायचा असतो, असं मी लहानपणी सिनेमांत पाहिलं होतं. त्या सिनेमांत सारखा पाऊस पडत असतो, हे लक्षात यायला मला फार उशीर झाला.

"पोलीस पुरावा मागतो, वकील फी मागतो!" महाराज माईकवर गरजले. "माझी हळद फकस्त तळहात मागते!"

टाळ्या पडल्या. आदल्या दरबारात महाराजांनी शेजारच्या गावातला पाण्याची मोटार चोरणारा गडी पकडला होता म्हणे. गड्याच्या ओल्या तळव्यावर चिमूटभर हळद टाकली, ती रक्तासारखी लाल झाली. गडी रडला, बायकापोरांसकट गाव सोडून गेला. मोटार काही सापडली नाही, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी सांडू. शहरातल्या छावणी भागात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. धंदा सगळा लग्नाआधीच्या चौकशीचा. मुलगा पितो का, सांगितलेली विहीर खरंच आहे का, पुण्याची नोकरी पुण्यातच आहे का. खून माझ्याकडे आजवर एकही आलेला नाही. येतं ते पीठ. ते टेबलावर बसतं, फाइलींवर बसतं, मिशीवरही बसतं.

आदल्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला, डोळ्यांवर काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. सिनेमात अशी बाई आली की आता गोळी चालणार, असं समजायचं. आपल्या शहरात अशी बाई म्हणजे उन्हातून स्कूटीवर आलेली कुणीही. स्कार्फ सुटला तेव्हा आत रडून डोळे सुजलेली एक पंचविशीची मुलगी निघाली.

"मी अमृता. करमाडच्या काकासाहेबांची सून," ती म्हणाली. "सासूबाईंची बोरमाळ गेलीय. उद्या समद्या घराला हळदी महाराजाकडं नेणार हायेत. अन् हात माझाच लाल होणार, मला ठावं हाय."

"तुम्ही घेतली?"

"नाय हो!"

"मग लाल कसा होईल?"

"महाराजाचा माणूस परवा घरी चहाला आल्ता. 'तुमचा कोणावर डाऊट हाय का' म्हणून सासूबाईंना इचारत व्हता. मी कप घेऊन उभी. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं." तिनं नाक पुसलं. "हात लाल झाला की मला चोर म्हणून माहेरी धाडणार. धाकट्या बहिणीचं जमत आलंय माझ्या. चोराच्या बहिणीला कोण करून घेईल?"

"नवरा काय म्हणतो?"

"विश्वजीत म्हणत्यात, तू खरी असशील तर भ्यायचं काय?"

हे वाक्य मी आयुष्यात फार ऐकलंय. ज्याच्यावर कधी बालंट येत नाही, तोच ते बोलतो. खरं सांगतो, मला नाही म्हणायचं होतं. बाबा-बुवांच्या वाटेला गेलं की डोकं फुटतं आणि वर लोक आपल्यालाच नास्तिक म्हणतात. पण तिच्याबरोबर जायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मी तिचा छावणीतला मामा झालो.

दरबाराची रीत कडक होती. संशयितांनी दारातच खिशातली तंबाखू, गुटखा टाकून द्यायचा, कारण महाराजांना व्यसन चालत नाही. मग लिंबाच्या पाण्यात दोन्ही हात बुडवून शुद्ध व्हायचं. तक्रार करणारी मंडळी मात्र मानाची. काकासाहेब, अमृताची सासू सुरेखाबाई आणि गावातले जाणते पुढच्या खुर्च्यांवर बसलेले. त्यांना ना लिंबू, ना तपासणी.

मीही हात बुडवले. पण रांग पुढं सरकेना आणि महाराज बोलायचे थांबेनात. शेवटी कोटाच्या आतल्या खिशातून पुडी काढली, पाठ फिरवून चुना लावला, मळली आणि गालात सोडली. इतक्या वर्षांच्या धंद्यात, म्हणजे बहुतेक वेळ कुणाच्या तरी दारासमोर उभं राहण्यात, मला तेवढाच आधार आहे.

तपासणी सुरू झाली. चेला तांब्यातलं तीर्थ तळव्यांवर ओतायचा, महाराज हळद सोडायचे. अमृताची मोठी जाऊ पिवळी, विश्वजीत पिवळा. अमृतासमोर येताच चेला थांबला आणि सोफ्याखाली वाकू लागला. तेवढ्यात महाराजांचं लक्ष माझ्या कोटाकडं गेलं.

"हे कोण?"

"मामा हायेत माझे," अमृता म्हणाली.

"पाव्हण्यालाबी सूट नाय! हातातलाच तांब्या घे रं. आधी ह्यांचे हात बघू."

पाणी पडलं, हळद पडली. माझा डावा तळवा लालभडक झाला. उजवा अंगठाही.

"अगं माय!" बायका ओरडल्या. मी हाताकडं पाहिलं, मग महाराजांकडं. महाराज माझ्याहून जास्त दचकले होते. तिथंच केस सुटली. स्वतःच्या चमत्कारानं जो दचकतो, त्यानं तो चमत्कार दुसऱ्याच कुणासाठी राखून ठेवलेला असतो.

"ह्योच चोर!" महाराज सावरले. "हळदीनं हेरला!"

दोघांनी माझी कॉलर धरली. सिनेमात गुप्तहेर इथं दोघांनाही लोळवतो. माझी कंबर दुखते. मी म्हणालो, "कॉलर सोडा, कोट एकच हाय. अन् मी ह्या गावात आजच पहिल्यांदा आलो. काकासाहेब, तुमीबी जरा हात पुढं करा."

"म्या? अरे, मपल्याच घरातली बोरमाळ गेली!"

"तुमी खरे असाल तर भ्यायचं काय?"

एवढ्या लोकांसमोर ते नाही म्हणू शकले नाहीत. मी त्याच तांब्यातलं पाणी ओतलं, त्याच ताटातली हळद टाकली. डावा तळवा लाल, उजवा अंगठा लाल. शेजारच्या धोंडिबा म्हाताऱ्यानं गंमत म्हणून हात पुढं केला, तोही लाल. मग आपापला हात बघायला खुर्च्याच खुर्च्या उठल्या. बघता बघता करमाडचे निम्मे जाणते बोरमाळचोर ठरले आणि मागची पोरं हसून हसून खाली बसली.

"डाव्या तळव्यावर तंबाखू ठेवतो, उजव्या अंगठ्यानं मळतो," मी म्हणालो. "तंबाखूला चुना लागतो. हळदीला चुना लागला की ती लाल होते. ह्यात चोरी कुठं आली?"

"कुंकू तसंच करत्यात की," सुरेखाबाई हळूच म्हणाल्या. "माझी आई करायची, हळदीचं."

"म्हणून तर दारात तंबाखू काढून घेतात आणि लिंबू लावून हातावरचा चुना घालवतात. नाहीतर भलताच माणूस लाल व्हायचा."

चेला सोफ्याखालचं काहीतरी पायानं मागं सरकवत होता. अमृता पुढं झाली आणि तिनं ते ओढून काढलं. दुसरा तांब्या. आत नितळ पाणी, तळाशी पांढरा साका. तिनं ते पाणी स्वतःच्या तळव्यावर ओतलं आणि वर हळद टाकली. हात लाल झाला. तो तिनं सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"चुन्याची निवळी हाय," ती म्हणाली. "हा तांब्या माझ्यासाठी ठेवला व्हता."

महाराज स्वयंपाकघराच्या दारानं निघाले होते. पोरांनी गाडी अडवली. पुढचं पोलिसांनी बघितलं. त्यासाठी जादूटोण्याविरुद्धचा कायदा आहे.

"मग माझी बोरमाळ नेली कोणी?" सुरेखाबाईंनी मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. माझाही पडला असेल, कारण गुप्तहेराला हे वाक्य शोभत नाही. पण ते खरं होतं. 'माहीत नाही' एवढं म्हणायचा माणसांना कंटाळा येतो, आणि बाबांचा धंदा त्या कंटाळ्यावर चालतो. महाराजांनी दुसरं काय केलं? चहा पिता पिता घरातला संशय विचारून घेतला आणि तोच हळद लावून परत दिला. तुमचंच मन तुम्हाला देवाच्या आवाजात ऐकवलं. चोर शोधायचा तर पोलिसांत जा, कपाटं उपसा, चार जणांना विचारा, वेळ लागला तर लागू द्या. आणि कुणी तळव्यावर पाणी ओतायला आला, तर आधी विचारा, हे पाणी आणलं कुठून. शेजारच्या गावात तेवढं एका माणसानं विचारलं असतं, तर तो गडी आज आपल्या घरात असता.

विश्वजीतनं गाडीची किल्ली काढली. "चल अमृता, घरी जाऊ."

अमृता पायरीवर बसली होती. "येते. आधी माईक घ्या."

"कशाला?"

"ज्यांच्यापुढं मला चोर ठरवणार व्हते, त्यांच्यापुढंच सांगा."

विश्वजीतनं आईकडं पाहिलं, वडलांकडं पाहिलं. काकासाहेब लाल तळवा धोतराला पुसत होते. कुणीच मदतीला आलं नाही. त्यानं माईक उचलला.

"माझ्या बायकोनं चोरी केलेली नाय," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

विश्वजीतनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग अमृता उठली.