नारळाची जागा

होडीच्या नाकाडावर मी पेचकसाच्या मुठीनं ठोकत चाललो होतो. ठक, ठक, ठक आणि मग एकदम भद्द. ओल धरलेला मृदंग बोलतो ना, तसा. कीर्तनात असा आवाज आला की बुवा गाता गाता थांबतात आणि मृदंगवाल्याकडे बघतात. मी तात्यासो दाजींकडे बघितलं.

"काय झालं?" दाजी म्हणाले.

पेचकस उलटा करून टोक नुसतं टेकवलं, तर ते मुठीपर्यंत आत गेलं.

मी पेठ वडगावचा सुतार. चौकटी, पलंग, देव्हारे करणारा. होडीला उभ्या जन्मात हात लावला नव्हता, आणि पोहायला तर येतच नाही. थोरल्या बहिणीचा, तानाआक्काचा, फोन आला म्हणून हत्यारं घेऊन शिरोळकडच्या तिच्या मळ्यावर आलो होतो. भाची क्रांती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कृष्णा फुगली की ओढ्याचं पाणी उलटं चढतं, मळ्याचा रस्ता बुडतो, आणि पलीकडच्या डांबरी रस्त्याला जायचं तर ही होडीच. कुठल्याशा कॉलेजच्या भंगारातनं दाजींनी आणलेली शिडाची होडी. बरगड्या सागवानी, अंग प्लायवूडचं. शीड कधीच उसाच्या ट्रॉलीवर झाकण म्हणून गेलं होतं. डोलकाठीच्या भोकात आक्कानं तुळस लावायची तेवढी बाकी ठेवली होती.

गोठ्यात होडी पालथी घालून मी कुजका प्लाय कापत गेलो. खारी बिस्कीट सुटावं तसे पदर सुटत होते. आतली एक बरगडीही भुसा झालेली. बाकी होडी ठणठणीत, मग इथंच एवढी कूज का? बघतो तर त्या जागेवर हळदीकुंकवाचे थर आणि रंगाला चांदणीसारख्या चिरा.

"आक्का, नारळ कुठं फोडतीस गं होडीचा?"

"तितंच की. नाकावर. एक साल चुकलं न्हाय."

"होडीवरच फोडतीस?"

"मग? ट्रॅक्टरच्या म्होरं दगड ठेवत्यात. होडीच्या म्होरं पाणी. पाण्यावर दगड कुटला ठिवायचा?"

दाजी हसले. मला हसू येईना. दर वर्षी घाव त्याच जागी, प्लायचे पदर आतल्या आत फुटलेले, आणि त्या फटीतनं पाणी मुरत राहिलेलं. हे आक्काला सांगायचं कसं? तिच्या पूजेनंच होडी कुजली, असं?

सागवानाची नवी बरगडी तासून बसवली. जुन्या-नव्या प्लायच्या कडा लांबलचक उतरत्या रंधून एकमेकींवर बसवल्या, मध्ये दोन डब्यांतलं इपॉक्सी कालवून चिकटवल्या आणि शिकंज्यांत आवळून धरल्या. देव्हारा करताना मी मोबाइलवर कीर्तन लावतो. इथंही लावलं, पण कान पावसाकडेच जात होता. ओल्या हवेत ते इपॉक्सी वाळता वाळेना. वीज गेली, तशी आक्कानं होडीखाली शेगडी आणून ठेवली आणि निखारा मंद ठेवत तिथंच बसून राहिली. दर थोड्या वेळानं मी जोडाच्या कडेला नख दाबून बघायचो. नख रुतायचं.

"पावणं," दाजी म्हणाले, "आमच्यात रीत हाय. ज्यानं होडी जोडली, त्यानं पयल्या फेरीला जोडावर बसायचं."

"मला पोहता येत न्हाय, दाजी."

"म्हणूनच तर रीत हाय! पवणारा कसंबी जोडल."

सकाळी नख रुतलं नाही. दुसरा थर द्यायचा होता, रंग द्यायचा होता. पण आक्का दारातनं धावत आली. "जोत्या, क्रांतीच्या पोटात दुकाया लागलंय. आन् रस्ता गेला."

बाहेर बघितलं. काल जिथं मी सायकल टेकवली होती, तिथं लाल पाणी चुपचाप हलत होतं. उसाचे नुसते शेंडे दिसत होते. सरकारी बोट गावठाणातली माणसं काढत होती, मळ्यावर यायला तिला वेळ लागणार होता. पलीकडे डांबरी रस्त्यावर दाजींचा पुतण्या गुंडू जीप घेऊन उभा असल्याचा फोन आला. पलंग मोडला तर माणूस फार तर खाली पडतं. इथं एकाच्या जागी दोन जीव माझ्या जोडावर बसणार होते.

होडी पाण्यात ढकलली. एका वेळी तिघंच मावणार, म्हणून आक्का दुसऱ्या फेरीला. क्रांती ओठ दाबून चढली. मी देवाचं नाव घेत नाकाडाशी बसलो, आणि वर बघतो तर आक्का गुडघाभर पाण्यात उभी. हातात नारळ, हात डोक्याच्या वर.

मी झटकन जोडावर पंजा ठेवला. "फोड. पण माझ्या हातावर फोड!"

तिचा हात वरच राहिला. "लाज वाटती का? नारळ न फोडता लेकीला पाण्यात घालू?"

"आक्का, ह्याच घावांनी कुजली गं ही."

तिचा चेहरा असा उतरला, की वाटलं उगाच बोललो. पावसाचं पाणी तिच्या गालावरनं ओघळत होतं, त्यातलं तिचं किती कळेना. "म्हंजे मीच..." एवढंच म्हणाली.

"देव रागवायचा न्हाय. आमचे बुवा सांगत्यात, निवेद दाखवायचा असतो, देवाच्या तोंडात कोंबायचा नसतो."

"आये!" क्रांती कळवळून ओरडली. "वटीत घाल माझ्या, आन् सोड आता!"

आक्कानं लेकीकडे बघितलं. नारळ कपाळाला लावला आणि क्रांतीच्या पदरात अख्खा ठेवला. मग कोपरानं डोळे पुसून होडीला ढकललं.

दाजी बांबूनं रेटत होते. उसाचे शेंडे होडीच्या पोटाला खरखरत घासायचे, आणि दर खरखरीला मी जोडावर वाकून बघायचो. जोडावरचा पंजा मी काढला नव्हता. मध्यावर पायाच्या बोटांना गार लागलं. खाली बघितलं, पाणी!

"दाजी, पाणी! माझा जोड सुटला!"

"हात बघ की."

हाताखाली कोरडं होतं. पाणी मागच्या जुन्या सांध्यातनं झिरपत होतं.

"ती गळती तुझी न्हाय," दाजी बांबू रेटत म्हणाले. "ती माझी, जुनी हाय. डबा घे आन् उपस."

एका हातानं उपसत राहिलो, दुसरा जोडावरच. क्रांती कळ आली की नारळ पोटाशी आवळायची, गेली की म्हणायची, "मामा, घाबरू नगा." मला म्हणायची ती! शेवटी होडीचं नाक डांबरी रस्त्याच्या कडेला घासलं. गुंडूनं पाण्यात उतरून क्रांतीला धरलं, जीपमध्ये बसवलं. खिडकीतनं ती ओरडली, "आयला आणा पाठनं!"

जीप दिसेनाशी झाली. दाजी म्हणाले, "तुझी फेरी झाली, पावणं. उतर की."

पाय रस्त्यावर टाकावा असं फार वाटत होतं. पण पलीकडे मळ्यावर आक्का एकटीच पाण्यात उभी दिसत होती, आम्ही सोडली होती तिथंच. आपल्याच नारळानं होडी कुजली, हेच तिच्या मनात घोळत असणार.

"चला," मी म्हणालो. दाजींनी होडी वळवली, आणि माझा पंजा आपोआप पुन्हा जोडावर गेला.