एका रात्रीची गाठ

मोरीतला दिवा सकाळीच गेला. जिन्यातला पाठोपाठ गेला, आणि काकली भात चढवत होती तेवढ्यात स्वयंपाकघरातलाही फटकन् विझला. सगळे दिवे पूजेच्या आधी नवे आणलेले. सुविनय पालच्या घरात दिवे न टिकणं म्हणजे हसू व्हायचीच वेळ. जगद्धात्री देवीच्या मिरवणुकीत त्याच्या रोषणाईचे मोर नि हत्ती बघायला अख्खं चंदननगर माना वर करून उभं राहतं.

सुविनयच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कंपन्या मुद्दामच असले कुचकामी दिवे बनवतात, टिकला तर दुसरा घेणार कोण, असं त्यानं सुनावलं. मग कोपऱ्यावरच्या हराधन दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि उरलेले कुरमुरे तोंडात टाकून तो खाली कारखान्यात गेला. तळमजल्यावरच त्याचा कारखाना, वर बिऱ्हाड.

काकलीला दिव्यांचं एवढं काही नव्हतं. तिचा जीव अडकला होता मधल्या खोलीत. तिथे सासूबाई, निभाराणी, नाकाला नळी लावून पडलेल्या असायच्या आणि उशाशी प्राणवायूचं यंत्र घुरघुरत असायचं. ते थांबलं की थोड्याच वेळात म्हातारीचे ओठ निळे पडत. आणि ते चालायचं याच घराच्या विजेवर.

मिरवणुकीतल्या उंच मूर्तींसाठी रस्त्यावरच्या तारा उतरवतात, हे दरवर्षीचंच. या गावात देवी वाकत नाही, तारा वाकतात. विसर्जनानंतर वीजवाले येऊन त्या पुन्हा जोडून देतात. यंदा त्यांना उशीर झाला. म्हातारी सिलिंडरवर होती आणि सिलिंडर उतरत चालला होता. सुविनय तीन रात्री जागलेला, पण आईची घालमेल त्याला बघवेना. वीजवाल्यांची वाट न बघता तो स्वतःच शिडीवर चढला. शिडी काकलीनंच धरली होती. तारा जोडून तो उतरला, यंत्र घुरघुरलं, तेव्हा तिला नवऱ्याचा अभिमान वाटला होता. त्यालाही आता दोन दिवस झाले होते.

तिनं मात्र एक गोष्ट हेरली होती. ती कारखान्यात उतरली.

“खाली तुमचं वेल्डिंग सुरू झालं ना, की वरचे दिवे पांढरेफटक पडतात,” ती म्हणाली. “थांबलं की बरे होतात.”

“असं? उद्यापासून तूच रोषणाई कर. मी भात शिजवतो.” त्यानं डोळ्यांवर काच ओढली. “हराधनचा माल भिकार आहे, दुसरं काही नाही.”

काकलीला ते लागलं. ती वर आली. ती मधल्या खोलीच्या दारात पोचते न पोचते तोच खाली वेल्डिंग सुरू झालं. पलंगाच्या वरचा पिवळा दिवा उजळला, मग बघवेना इतका पांढरा झाला. यंत्राची घुरघुर चढत जाऊन किंचाळायला लागली. काकलीनं यंत्राची पिन उपटली. त्याच क्षणी वरचा दिवा फुटला आणि चादरीवर काचा पडल्या.

निभाराणी घाबऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत होत्या. छाती भात्यासारखी हलू लागली होती. काकलीनं कोपऱ्यातला सिलिंडर ओढला, चावी फिरवली, नळी त्याला लावली. सिलिंडरचा काटा तांबड्या पट्ट्याच्या अगदी जवळ होता.

तिच्या हाकांनी सुविनय धावत वर आला. “यंत्र का बंद केलंस? आईला मारतेस?”

“यंत्र जळलं असतं. त्या दिवशी तुम्ही तारांना गाठ कसली मारलीत?”

तो उत्तर द्यायला गेला, पण तोंडाआधी त्याचे हातच हवेत फिरले. उघड्या तारेला तीन पीळ, वर पट्टी. रोषणाईवाल्यांची गाठ. मिरवणुकीत अशा हजारो मारायच्या, सकाळी कापून टाकायच्या. ती एका रात्रीचीच असते. पुढे ती सैल पडते का, तापते का, हे बघायला कुणी थांबतच नाही.

सुविनयचा चेहरा उतरला. कारखान्याला नि घराला वीज वेगवेगळ्या तारांनी येते, परतीची तार मात्र एकच, ती सैल झाली असणार, तो पुटपुटला. म्हणून खाली जोर पडला की वर नको तेवढी वीज चढते. त्यानं घराचा मुख्य खटका पाडला, रबरी हातमोजे घेतले आणि तो शिडीकडे पळाला.

काकली सासूचा हात धरून बसली. डोळे काट्यावर. बाहेर शिडी भिंतीवर आपटली. काटा तांबड्या पट्ट्यात शिरला. गाठीवरची पट्टी वितळून हातमोज्याला चिकटली, असं तो वरून ओरडला; तार काळी पडली होती. म्हातारीचा श्वास आखूड झाला. काकली मनात जगद्धात्रीला विनवत राहिली. पितळी जोड बसवून, स्क्रू आवळून तो खाली उतरला तेव्हा म्हातारीच्या ओठांची कड निळी झाली होती.

खटका वर झाला. सुविनय धापा टाकत आत आला. “लाव, लाव पिन.”

काकलीनं पिन मुठीत घट्ट धरली. “आधी इथे दिवा लावा. मग खाली जाऊन वेल्डिंग चालवा.”

“अगं, आईकडे बघ तरी.”

“बघतेय. म्हणूनच सांगतेय.”

त्यानं शेवटचा उरलेला दिवा लावला आणि तो जिन्यावरून जवळजवळ घसरतच गेला. खाली वेल्डिंगचं यंत्र गरजलं. काकली वर दिव्याकडे बघत राहिली. दिवा पिवळाच राहिला. तिनं पिन खोचली, नळी पुन्हा यंत्राला लावली आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

बऱ्याच वेळानं निभाराणींच्या ओठांवर रंग आला. सुविनय पायाशी बसून चादरीवरच्या काचा वेचत होता, मान खाली. म्हातारीनं नळी जरा बाजूला केली.

“बाळा, आताची ही गाठ किती रात्रींची मारलीस?”

सुविनय उठला, बाहेर गेला आणि शिडी चढून त्यानं तो स्क्रू पुन्हा एकदा आवळून पाहिला.