पाच मिनिटांत न मावणारं खांड

धुळाप्पा खुर्चीत बसले, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "लिही. पयली चांदी. ढवळी, डाव्या कानाला खाच. चांदीची लेक भुरी. भुरीला औंदा दोन कोकरं, एक काळं, एक कपाळावर टिक्का असलेलं. त्या टिक्क्याचा मागचा पाय जरा

वेळ संपली. पुन्हा प्रवेश करा.

पडद्यावर एवढंच उरलं. चांदी गेली, भुरी गेली, दोन्ही कोकरं गेली.

"कुणाची वेळ संपली?" धुळाप्पांनी विचारलं.

"कुणाची न्हाई, अप्पा. मशीनची," तेजश्री म्हणाली.

"मशीनला कुठं जायचंय?"

खिडकीबाहेर उभे असलेले धनगर हसले. तेजश्रीही हसली, पण पडद्यावरची नजर न हलवता. खुर्चीतला माणूस तिचा बाप होता आणि मशीनमधला प्रोग्रॅम तिचा.

*

दोन हजार आठ साल. मादन हिप्परग्याच्या मेंढीपालक सोसायटीत त्या दिवशी लसीची नोंद वहीऐवजी कॉम्प्युटरवर सुरू व्हायची होती. कुणाच्या कुठल्या मेंढीला कधी टोचलं, हे सगळं त्यात राहणार होतं. प्रोग्रॅम जावामध्ये लिहिलेला, गुलबर्ग्याच्या महांतेशच्या दोन खोल्यांच्या कंपनीत. लिहिणारी निंबर्ग्याची तेजश्री. लिहिलेला प्रोग्रॅम नेऊन खऱ्या गावातल्या खऱ्या मशीनवर बसवायचा, त्याची सगळी सेटिंग लावायची, याला कंपनीत डिप्लॉयमेंट म्हणत. ते काम तेजश्रीला आजवर कुणी दिलं नव्हतं. तीन वर्षं ती टायपिंगच्या टेबलावर बसायची आणि उरलेल्या वेळात हा प्रोग्रॅम लिहायची.

निघताना महांतेश म्हणाला होता, "दिवसभरात सोसायटीतून मला एकही फोन आला नाही, तर बाकीच्या सहा गावांचं काम तुझं. आला, तर हैदराबादहून माणूस बोलावतो आणि तू परत टायपिंगला."

खिशातल्या पेन ड्राइव्हवर तिनं सगळा प्रोग्रॅम एका फाइलमध्ये बांधून आणला. सोसायटीच्या मशीनवर प्रोग्रॅम चालवणारा सर्व्हर बसवला, फाइल त्याच्या फोल्डरमध्ये टाकली. ती आपोआप उलगडली आणि ब्राउझरमध्ये हिरव्या अक्षरांत सोसायटीचं नाव आलं. तेव्हा सेक्रेटरी जगदेवप्पांनी पडद्याला भंडारा लावला. स्वतः लिंगायत, पण म्हणाले, "मेंढ्यांचं काम हाय, तुमच्या देवाचं बघावं लागतं."

तोवर सगळं सुरळीत होतं.

पहिली नोंद धुळाप्पांची, हे महिन्याभरापासून ठरलेलं. निंबर्ग्यापासून हिप्परग्यापर्यंत त्यांनी जातील त्या पारावर सांगितलं होतं, माझ्या लेकीनं मशीन केलंय.

जगदेवप्पांनी सुरुवातीलाच विचारायला नको होतं ते विचारलं. "किती मेंढ्या हायत, अप्पा?"

धुळाप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कुणी भर बाजारात धोतर ओढलं.

"अण्णा, त्यांच्यात आकडा सांगत न्हाईत," तेजश्री घाईघाईनं म्हणाली. "दृष्ट लागती. एक-एक सांगतील, आपण लिहायचं."

आणि एक-एक सांगायची त्यांची रीत होती. खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, आईपासून लेकीकडे सांगायचं, लेकीकडून तिच्या कोकरांकडे. मेंढरं इथं नव्हतीच, ती निंबर्ग्याच्या माळावर त्यांच्या बायकोजवळ, म्हाळसाजवळ होती. धुळाप्पा डोळे मिटून सांगत. आणि मधे खंड पडला, तर पुन्हा पहिलीपासून. अर्धं सांगितलेलं खांड तसंच सोडलं, तर उरलेली मेंढरं रात्री लांडग्याची, असं त्यांचा बाप म्हणायचा, त्याचाही बाप म्हणायचा.

*

धुळाप्पा खुर्चीत बसले, पटका मांडीवरच होता, आणि म्हणाले, "लिही. पयली चांदी."

पण त्याआधी तेजश्रीनं दोन मिनिटं मागून घेतली होती.

सर्व्हरला एक आकडा सांगून ठेवावा लागतो. समोरच्या माणसानं इतकी मिनिटं काही पाठवलं नाही, तर तो उठून गेला असं समज आणि दार लाव. तेजश्रीनं हा आकडा पाच ठेवला होता. एम.सी.ए. करताना ती आळंदच्या एका इंटरनेट कॅफेत बसायची. लोक आपली पत्रं उघडी टाकून चहाला जायचे आणि मागचा माणूस ती वाचायचा. तेव्हापासून उघडं दार तिला सोसायचं नाही. शिवाय गुलबर्ग्याला तिनं प्रोग्रॅम दहा वेळा तपासला होता. मेंढी एक, मेंढी दोन, मेंढी तीन असं भरत गेलं की दीड मिनिटात फॉर्म संपायचा.

धनगराची लेक. आणि तपासायला खोट्या मेंढ्या घेतल्या.

फॉर्म सगळा भरून झाला की शेवटी एकदाच 'जतन करा' दाबायचं. मालकाची सगळी जनावरं एकाच पत्रकावर हवीत, असा पशुसंवर्धन खात्याचा नियम होता. तोवर सर्व्हरकडे काहीच जात नव्हतं. बाप बोलत होता, लेक टाइप करत होती, खिडकीतली माणसं माना डोलवत होती आणि सर्व्हरला वाटत होतं, समोर कुणी नाही.

तिनं सर्व्हर थांबवला. त्याच्या सेटिंगची फाइल उघडली. तिथं वेळेच्या ओळीत तीस होतं. तीस? पाच का नाही, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण वीस माणसं बघत होती. तिनं तिसाचे एकशेवीस केले, फाइल बंद केली, सर्व्हर चालू केला.

"लिही. पयली चांदी. ढवळी, डाव्या कानाला खाच. ती खाच कशानं पडली सांगितलं का मघाशी? बाभळीच्या काट्यानं. हल्लीखेडच्या रानात. चांदीची लेक भुरी. भुरीला दोन कोकरं, एक काळं, एक टिक्क्याचं. टिक्क्याचा मागचा पाय जरा वाकडा, पर पळतो सगळ्यांच्या म्होरं. भुरीची भन मुंडी, शिंगं न्हाईत, पर टक्कर अशी देती की मेंढा मागं सरतो. मुंडीची लेक तुरी. तुरीच्या रानात व्याली म्हणून तुरी. तुरीला औंदा

वेळ संपली. पुन्हा प्रवेश करा.

भिंतीवरच्या घड्याळात तिनं पाहिलं. पाच मिनिटं. बरोबर पाच.

"ह्या मशीनला तुरी आवडंना की काय," बाहेरून कुणीतरी म्हणालं.

"मशीन कुणाच्या हातचं हाय?" दुसरा म्हणाला. "धुळाप्पाच्या लेकीच्या. घरातलं ऐकायची सवय न्हाई तिला."

धुळाप्पांना राग नव्हता आला. उलट पुन्हा पहिलीपासून सांगायला मिळणार म्हणून ते खुशीत होते. ऐकणारेही वाढले होते. पण जगदेवप्पांनी टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला आणि भिंतीवर चिकटवलेला महांतेशचा नंबर बघत बटणं दाबायला लागले.

"अण्णा, कुणाला लावायलाव?"

"तुमच्या सायबाला. त्यास्नी म्हाईत असंल की."

तेजश्रीनं फोनचा खटका दाबून धरला. "लावू नका, अण्णा. जरा थांबा."

"कामून?"

तिनं खरं ते सांगितलं. फोन गेला, तर ती टायपिंगला परत. जगदेवप्पा ऐकत राहिले, रिसीव्हर हातातच. मग म्हणाले, "मग असं करू. आधी वहीत लिहून घेऊ, मागनं तू मशीनमधी भर. कुणाला कळतंय?"

धुळाप्पा वळले. लेकीकडे बघत राहिले. तेजश्रीला कळत होतं, वही उघडली की मग मशीन कशाला, हे विचारायला कुणी थांबणार नाही. पुढच्या खेपेला वहीच असेल आणि मशीनवर पांढरा कपडा.

"वही नको," ती म्हणाली. "म्या सर्व्हरला दोन तास सांगितलेत. ऐकंना झालाय. का ऐकंना, तेवढं कळू द्या."

जगदेवप्पांनी रिसीव्हर ठेवला. "ऐकंना म्हंजे? आता माझंच बघ. पंचायतीनं ठराव केला, सांजच्याला आठपर्यंत गावातली सगळी दुकानं उघडी ठेवायची. म्या सहीबी केली. घरी गेलो. रत्नम्मा म्हणाली, सातला जेवाय यायचं. किती वाजता बंद करतो म्या माझं दुकान?"

"सातला," खिडकीतले तिघे एकदम म्हणाले.

"गावाचा नेम गावाला. ज्येच्या घरात नेम हाय, त्येला घरचाच लागू."

तेजश्रीनं कपाळावर हात मारून घेतला.

सर्व्हरची फाइल म्हणजे गावचा नेम. ज्या प्रोग्रॅमनं स्वतःचं काही ठरवलेलं नसेल, त्याच्यासाठी. तिच्या प्रोग्रॅमच्या पोटात त्याची स्वतःची फाइल होती, त्याच नावाची, आतल्या फोल्डरमध्ये. तिथं तिनंच, स्वतःच्या हातानं, तीन महिन्यांपूर्वी पाच लिहून ठेवलं होतं. घरचा नेम. बाहेर दोन तास काय, दोन वर्षं लिहिली असती तरी आतलं पाचच चाललं असतं.

तिनं बाहेरच्या फाइलमध्ये तीस होतं तसं परत केलं. आतली उघडली. पाचचा आकडा खोडला. कर्सर रिकाम्या जागेत लुकलुकत राहिला.

"अप्पा, सगळं खांड सांगायला किती वेळ लागतो तुमाला?"

"खांड केवढं हाय, त्यावर."

"केवढं हाय?"

धुळाप्पांनी पटक्याची घडी बदलली. सगळे तेजश्रीकडे पाहायला लागले, आणि तिच्या लक्षात आलं, आपण काय विचारलं.

मेंढ्या किती, हे सांगता येत नाही. म्हणजे मिनिटं किती, हेही नाही. एकावन्न टाकलं आणि बावन्नाव्या मिनिटाला शेवटचं कोकरू राहिलं, तर? या खिडकीत उभ्या असलेल्या एकाच्याही खांडाचा आकडा तिला कधी मिळणार नव्हता, आणि आकडा टाकायच्या जागी काहीतरी टाकायलाच हवं होतं.

तिथं टाकता येईल अशी एक गोष्ट होती. पुस्तकात ती वाचली होती, वापरली कधीच नव्हती. वर्गात सर म्हणाले होते, हे टाकू नये. दारं कधीच लागत नाहीत, आत गर्दी साचते, सर्व्हर गुदमरतो. पण ते शेकडो माणसं एकदम येणाऱ्या मशीनबद्दल होतं. इथं खुर्ची एक होती. एक उठल्याशिवाय दुसऱ्याला बसायलाच यायचं नाही. उठताना प्रत्येकाकडून ती स्वतः 'बाहेर पडा' दाबून घेईल. कॅफेत जे कुणी दाबलं नाही, ते इथं दाबायला ती बसलीच होती.

तिनं लिहिलं: उणे एक.

म्हणजे, कधीच नाही. समोरचा माणूस बोलतोय, बोलू दे.

*

धुळाप्पा खुर्चीत बसले, पटका डोक्याला बांधला, कारण आता ऐकणारे चाळीस होते, आणि म्हणाले, "लिही. पयली चांदी. ढवळी, डाव्या कानाला खाच, हल्लीखेडच्या बाभळीची. चांदीची लेक भुरी. भुरीला दोन कोकरं, काळं आन् टिक्क्याचं. टिक्क्याचा पाय वाकडा, पर पळतो सगळ्यांच्या म्होरं. मुंडी, शिंगं न्हाईत. मुंडीची लेक तुरी. तुरीला औंदा एकच, पर कसलं, वासरागत. तुरीची धाकटी भन कबरी, तिला म्हाळसानं बाटलीनं दूध पाजून जगवलं, अजून म्हाळसाच्या मागं घरात येती. कबरीची लेक लाजरी, लाजरीला लस टोचताना चौघं लागतात, तसं लिही त्यात, चौघं लागतात"

पाच मिनिटं झाली. सहा झाली.

"चाललंय?" जगदेवप्पांनी हळूच विचारलं.

"चाललंय."

दहा. पंचवीस. दोनदा चहा आला. भीमाशंकर नावाचा म्हातारा बाहेरून ओरडला, "लाजरीचा बाप माझा मेंढा हाय, त्ये पण लिहा," आणि धुळाप्पांनी डोळे न उघडता, खंड पडू न देता मान हलवली, आणि तेजश्रीनं तेही लिहिलं, शेरा म्हणून.

चाळिसाव्या मिनिटाला फोन वाजला.

जगदेवप्पांनी उचलला. पलीकडे महांतेश. "काय हो, सकाळपासून एक फोन नाही. बंद पडलंय की काय?"

"चालू हाय की जी."

"तेजश्रीला द्या जरा."

"न्हाई जमणार. खांड चाललंय."

"दोनच मिनिटं द्या हो."

"दोन मिनिटांत खंड पडला, तर त्यो पुन्हा चांदीपासनं चालू करंल. मग तुमी या हिकडं ऐकायला." आणि जगदेवप्पांनी फोन ठेवून दिला. मग रिसीव्हर उचलून बाजूला काढूनच ठेवला, आणि त्यावर टोपी झाकली.

धुळाप्पा शेवटच्या कोकरापाशी आले तेव्हा उन्हं दारातून आत आली होती. "त्याला नाव न्हाई अजून," ते म्हणाले. "परवाच्याला झालं. काय लिहायचं?"

तेजश्रीनं वडिलांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. नावाच्या रकान्यात टाइप केलं: उणे एक. मग जतन करा दाबलं.

गोल फिरलं, थांबलं. हिरवी पट्टी आली. नोंद झाली. आणि खाली, तिनंच हौसेनं घातलेल्या ओळीत, एकूण, आणि पुढे मोठ्या अक्षरांत

तिनं पडद्यावर तळहात ठेवला.

वाचायला वाकलेले जगदेवप्पा तसेच सरळ झाले. खिडकीतल्या माणसांनी तोंडं फिरवली, कुणी छपराकडे पाहिलं, कुणी पायाकडे. धुळाप्पांनी फक्त हाताकडे पाहिलं. रुपेरी अंगठी घातलेला, शाईचा डाग पडलेला लेकीचा हात.

"ती ओळ उद्या काढते," तेजश्री म्हणाली. "आता हे दाबा, अप्पा. बाहेर पडा असं लिहिलंय तिथं."

"म्या बाहेर पडल्यावर आतली मेंढरं?"

"आतच ऱ्हातील."

धुळाप्पांनी एका बोटानं दाबलं, जसं कोकराच्या कपाळावर ठेवावं तसं, आणि उठले.

तेजश्रीच्या मोबाइलवर महांतेशचा मेसेज येऊन पडला होता. फोन सोसायटीतून आला नाही, मीच केला, त्यामुळे अट मोडली नाही. बाकीच्या सहा गावांना कधी जातेस? ती उत्तर लिहायला लागली, पण समोर भीमाशंकर खुर्चीत बसून पटका काढत होता आणि त्यानं डोळे मिटले होते.

"लिही, बाई," तो म्हणाला. "पयली गंगी."