सत्तरच्या आत

दवाखान्यात आकडे दोन सांगितले होते. लातूरहून उदगीरला घरी पोचेपर्यंत आमच्याकडे एकच उरला.

ते दुष्काळाचं साल, लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. माझे दोन्ही गुडघे झिजले होते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, सांधे बदलावे लागतील, पण अठ्ठ्याहत्तर किलोवर मी हात लावणार नाही, सत्तरच्या आत या. शेजारच्या खोलीत पंचशीला मॅडम बसायच्या, रोग्यांच्या खाण्यापिण्याचं बघणाऱ्या. वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी मला अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, हातात त्याच्या दोन मुठी दिल्या आणि सांगितलं, अंगात शंभरात चव्वेचाळीस भाग चरबी आहे, ती चाळिसाच्या खाली यायला हवी. नंतर मला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं. कण्हत का होईना, मी उठले. वजन आणि चरबी, दोन्ही बघणार, असं त्या निघताना पुन्हा बोलल्या. माझा मुलगा गुरुबसप्पा तेव्हा फोनवर होता. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून गावात जी माणसं धडपडत होती त्यांत तो पुढे, आणि संध्याकाळची बैठक ठरत होती. त्याच्या डोक्यात सत्तर तेवढं राहिलं. माझ्याही.

मला ऑपरेशन हवं होतं ते एसटीच्या पायरीसाठी. माझी धाकटी बहीण नीलम्मा मुखेडला दिलेली. लकव्यानं तिची डावी बाजू गेली. ती येऊ शकत नाही, मी जाऊ शकत नाही. गुरुबसप्पानं एकदा गाडी करून नेलं होतं, पण तासाभरात तो अंगणात येरझाऱ्या घालायला लागला. मला माझी मी जायचं होतं. आठ-पंधरा दिवस राहायचं, तिला न्हाऊ घालायचं, तिची वेणी घालायची. एसटीच्या पायरीवर पाय चढत नाही एवढ्यासाठी सख्ख्या बहिणीला नुसतं फोनवर ऐकायचं, ही काय गत झाली.

वजन कमी कसं करायचं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात मी ऐन पंचविशीत होते. सरकारी लाल ज्वारी शिजवून शिजवून चुलीचा कंटाळा यायचा. आमच्या सासूबाईंची रीत होती, की वरणाचं भांडं उतरलं की ढवळायचं नाही. वरचं पाणी बायकांनी घ्यायचं, तळातलं घट्ट पुरुषांना आणि लेकरांना. दुधाचं तर नाव काढायचं नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. आताही तूरडाळ बदामाच्या भावानं झालेली. डाळ वाचेल आणि वजनही उतरेल, दोन्ही कामं एकदम होतील असं वाटलं. मी वरण सोडलं, दूध सोडलं, दही आणि शेंगदाण्याची चटणीही सोडली. सकाळी आंबील, संध्याकाळी अर्धी भाकरी आणि वरचं पाणी. प्यायचं पाणीही बेतानं, कारण टँकर कधी येईल नेम नाही, आणि पाणी प्यालं की मोरीपर्यंत त्या गुडघ्यांवर जावं लागतं. सून तारामती म्हणायची, "अव्वा, घट्ट घ्या की थोडं." मी तिलाच झापायची, की सत्तर तू करून देणार आहेस का?

आमचं आडत दुकान. पोती तोलायचा काटा होताच, त्यावर दर सोमवारी मला उभं करायचे. हमाल हसायचे. व्यंकटराव म्हणून जुना हमाल होता, तो एकदा म्हणाला, "अव्वा, माल हलका व्हायलाय. भाव वाढवून मागा." मला त्याचं वाईट वाटलं नाही. काटा खाली येत होता.

गुरुबसप्पाचं निराळंच. म्हणायचा, एकदा उदगीर जिल्हा होऊ दे, इथंच मोठा दवाखाना होतोय, लातूरचं तोंडसुद्धा बघायला नको. मी म्हटलं, ब्याऐंशीला लातूर उस्मानाबादेतून निघाला तेव्हा तुझे वडील याच ओट्यावर बसून हेच सांगत होते. दवाखाना लातुरात झाला, आणि गुडघे माझे इथंच राहिले.

पुढच्या वेळी लातूरला गेलो तेव्हा काट्यावर साडेएकोणसत्तर भरले. मी नीलम्माला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आता तारीख मिळतेय. तिनं शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं. पंचशीला मॅडमनी यंत्रावर उभं केलं, आकडा बघितला, मला उतरवलं आणि पुन्हा चढवलं. शंभरात सेहेचाळीस.

"आजी, दूध घेता?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"डाळ?"

"वरचं पाणी घेते."

"मग खालची डाळ कोण खातं?"

मी गुरुबसप्पाकडे बघितलं. तो फोनकडे बघत होता.

त्यांनी मला पुन्हा खुर्चीतून उठायला सांगितलं. मी जोर लावला. मांड्या थरथरल्या आणि मी होते तिथंच. त्यांनी फार समजुतीनं सांगितलं, आणि त्या समजुतीनंच माझं डोकं फिरलं. उपाशी राहून तुम्ही दंडा-मांड्यांतला जोर घालवलात, म्हणाल्या, चरबी बरीचशी तशीच आहे. अंगात पाणी इतकं कमी, की त्यानं यंत्रावरचा आकडा आणखी चढलाय. नवा सांधा बसवला तरी त्याला उभं कोण धरणार? डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तीन महिन्यांनी या. वजन एक-दोन किलो वाढलं तरी चालेल, चरबी उतरू द्या, मांड्या भरू द्या.

मी म्हटलं, "सत्तर म्हणालात, सत्तर करून आणले. आता म्हणता वाढलं तरी चालेल."

"आकडे दोन सांगितले होते, आजी."

सांगितले होते, हे खरंच होतं. म्हणून तर मला त्यांचा जास्त राग आला.

परत येताना गाडीत गुरुबसप्पा म्हणाला, "अव्वा, डाळ खात न्हाई म्हणून सांगायचं तरी होतंस."

"ताट तुझ्यासमोरच असायचं की."



घरी आल्यावर नीलम्माला फोन लावला. लकव्यापासून तिचे शब्द ओढत ओढत येतात, आणि त्या दिवशी मला तेवढा दम नव्हता. तारीख नाही मिळाली, एवढंच एका दमात सांगून टाकलं. मग तिच्या विचारण्यावरून सगळंच सांगावं लागलं, दूध, डाळ, मांड्या, सेहेचाळीस.

"म्हंजे आता खायचं?" ती म्हणाली.

"हाव. खाऊन बारीक व्हायचं म्हणे."

ती हसली. हसताना तिला ठसका लागतो. ठसका थांबेपर्यंत मी फोन धरून बसले. मग म्हणाली, "अक्का, घाई करू नको. धड पायावर ये. तू पडलीस तर उचलायला मला एकच हात हाय."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरातली खुर्ची भिंतीला टेकवून मांडली, मॅडमनी दाखवली होती तशी. हात छातीशी बांधले आणि उठायला गेले. उठता आलं नाही. दुसऱ्यांदा बूड जरासं सुटलं आणि धप्पकन खाली आलं. माझी मलाच चीड आली. या पायांनी मी बहात्तरला दुष्काळी कामावर खडीच्या पाट्या वाहिल्या, आणि आता यांना एक खुर्ची भारी झाली. तारामती तव्यावरची भाकरी तशीच सोडून हात द्यायला आली. तिला म्हटलं, बाजूला हो, तव्याकडे बघ, आणि पुन्हा हात बांधले.