चालण्याच्या ढबीला सहा गुण

टॅलमन काउंटीच्या जत्रेत पोचेपर्यंत डेल्फा रॅट्लिफच्या पाच आठवड्यांत दहा जत्रा फिरून झाल्या होत्या. चार मिरवणुकांत तिने ट्रॅक्टरवर बसून मुलांसाठी गोड गोळ्या उधळल्या होत्या आणि एका गावात बकरीने तिची अर्धी पत्रकं फस्त केली होती. अपील कोर्टाच्या न्यायाधीशाला दर सहा वर्षांनी अकरा काउंटींतून, म्हणजे जिल्ह्यांतून, निवडून यावं लागतं आणि ओहायोच्या या कोपऱ्यात लोक जत्रेतच भेटतात.

पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा डेल्फा दोनशे बारा मतांनी पडली. दुसऱ्यांदा जिंकली. तिसऱ्यांदा तिच्याविरुद्ध कोणी उभंच राहिलं नाही, तेव्हा आपण लोकप्रिय आहोत असं तिला वाटलं होतं. "लोकप्रिय कसली," तिची धाकटी बहीण नेव्हा म्हणाली होती, "हे पद असतं हेच कुणाला माहीत नाही."

या खेपेला मात्र ब्रॉडी केसलर उभा होता. वय एकोणचाळीस, दात पांढरेशुभ्र, हमरस्त्यावर त्याचे मोठमोठे फलक आणि प्रत्येक फलकावर त्याचा कुत्रा. डेल्फाच्या फलकावर फक्त शब्द होते : 'कागद वाचणारी न्यायाधीश.' न्यायाधीशपदाच्या उमेदवाराला कसला निकाल देणार याचं वचन देता येत नाही, म्हणून बारा वर्षं ती जे करत आली तेच तिने लिहिलं होतं. नेव्हाच्या मते हे वाचून लोकांना झोप येत होती.

नेव्हा गाडी चालवायची, पत्रकं वाटायची आणि आकडे सांगायची. "दहा काउंटींत तुम्ही दोघं बरोबरीत आहात," गाडी लावताना ती म्हणाली. "टॅलमन ज्याचं त्याची खुर्ची. आणि टॅलमन म्हणजे ओपल टिप्टन."

ओपल टिप्टनच्या फोनच्या वहीत तीनशे दहा नंबर होते. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात ती एकेकाला फोन करून कुणाला मत द्यायचं ते सांगायची आणि तिचा पुन्हा फोन येऊ नये म्हणून बहुतेक जण ऐकायचे. शिवाय जत्रेतल्या केकच्या स्पर्धेत ती सलग अकरा वर्षं पहिली आली होती. ब्लॅकबेरीच्या जॅमचा तीन थरांचा केक, वर जळक्या साखरेचा लेप.

दोघी बहिणी केकच्या मंडपात शिरल्या तेव्हा ओपल टेबलावर मूठ आपटत होती. त्या वर्षी ती अर्ध्या गुणाने दुसरी आली होती. पहिला आला होता ड्वेन स्विक, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी टीव्ही बिघडला म्हणून तो केक करायला शिकला होता.

"अर्धा गुण," ओपल म्हणाली. "अर्धा गुण कशाला म्हणतात, हर्शल? माशी बसली होती का माझ्या केकवर?"

जत्रेचे अध्यक्ष हर्शल यॉकम यांनी टोपी काढून डोकं पुसलं. "ओपल, बेरीज मी तीनदा केली."

"अपील कर ना मग," ड्वेन शांतपणे म्हणाला. "ती बघ, अपीलवाल्या जजबाईच आल्यात."

सगळा मंडप वळून डेल्फाकडे बघू लागला. तेवढ्यात कळलं की अर्ध्या तासापूर्वी केसलरही येऊन गेला होता. त्याने दोन्ही केक चाखले, ओपलच्या कानात सांगितलं की तुमचाच खरा पहिला, आणि ड्वेनच्या कानातही तेच सांगितलं. ते दोघं शेजारी राहतात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

हर्शलनी डेल्फापुढे दोन बश्या सरकवल्या. "जजबाई, खाऊन सांगा आणि सोडवा आम्हाला."

डेल्फाने सकाळपासून एका मक्याच्या कणसावर दिवस काढला होता. ओपलच्या केकवरचा लेप काचेसारखा चकाकत होता. तिने बश्या परत सरकवल्या.

"मी चाखणार नाही," ती म्हणाली. "चव ज्यांनी घेतली त्यांनी घेतली. मी फक्त कागद बघते. गुणपत्रिका आहेत का?"

"ही आली कागदवाली," मागून कोणीतरी म्हणालं आणि मंडप हसला. नेव्हाने डोळे मिटून घेतले.

हर्शलनी तीन पुठ्ठे आणून दिले, एकेका परीक्षकाचा एकेक. डेल्फाने चष्मा लावला. वकील होण्याआधी ती माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कोणताही तक्ता ती बेरजेपासून नव्हे, मथळ्यापासून वाचायची. पहिला पुठ्ठा : चव, पोत, रूप, नीटनेटकेपणा. दुसराही तसाच. तिसऱ्यावर ती थांबली. तिने तो पुठ्ठा वरून खाली वाचला, मग परत वरून खाली वाचला, आणि तिला हसू फुटू लागलं. बारा वर्षांच्या सवयीने तिने ते ओठांशी अडवलं.

"ही कुणाची गुणपत्रिका?"

"माझी," डॉक्टर लाउडरमिल्क म्हणाले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुरांचे डॉक्टर. "का हो?"

"डॉक्टर, सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"डुकरांच्या गोठ्यात. स्पर्धेतल्या नरांना गुण देत होतो. चष्मा तिथेच राहिला. पण रकाने मला तोंडपाठ आहेत, चाळीस वर्षं भरतोय."

डेल्फाने आवाज सपाट ठेवून वाचायला सुरुवात केली. "श्रीमती टिप्टन यांचा केक. पाठीची लांबी, अठरा. मांड्यांचा भरदारपणा, एकोणीस. पायांचा भक्कमपणा, सात." ती क्षणभर थांबली. "चालण्याची ढब, सहा."

ओपल टेबलाला वळसा घालून पुढे आली.

"सहा?" ओपल म्हणाली. "आणि ड्वेनच्या केकला?"

"चालण्याच्या ढबीला नऊ."

आधी ड्वेनला हसू फुटलं. तो टेबलाला धरून खाली बसला, मग हर्शल, मग सगळा मंडप. मागच्या रांगेतली एक बाई हसता हसता पाठीमागे प्रदर्शनात मांडलेल्या रजयांच्या ढिगात कोसळली. डॉक्टर खिसे चाचपत म्हणत होते, "म्हणजे डुकरांना मी केकचे गुण दिलेत की काय?" आणि ते तपासायला दोघंजण गोठ्याकडे धावलेही. ओपल तेवढी हसत नव्हती. ती पुठ्ठ्यावरचे आकडे बघत होती.

"जजबाई, हा पुठ्ठा रद्द ना?"

"रद्द."

"हर्शल, उरलेल्या दोघांची बेरीज कर."

हर्शलनी बेरीज केली. दोन पुठ्ठ्यांवर ओपल दीड गुणाने पुढे होती.

नेव्हाने डेल्फाच्या कोपराला चिमटा काढला आणि ओठ न हलवता म्हणाली, "झालं. आता गप्प बस. डेल्फा, तुझ्या पाया पडते, गप्प बस."

डेल्फालाही कळत होतं. नुसतं गप्प राहायचं होतं, तीनशे दहा फोन तिच्या बाजूने वाजले असते. तिने हर्शलकडून स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि नववा नियम मोठ्याने वाचला. तीन परीक्षकांचे गुण असल्याशिवाय निकाल ग्राह्य धरू नये.

"दोघांच्या गुणांवर तुम्हाला जिंकवता येणार नाही, श्रीमती टिप्टन. ड्वेन यांनाही नाही. प्रकरण परत खाली, म्हणजे परीक्षकांकडे जाईल. तिघांनी पुन्हा चाखायचं, योग्य पुठ्ठ्यावर, आणि डॉक्टरांनी चष्मा लावून."

"आणि मी हरले तर?"

"तर हरलात."

डॉक्टरांचा चष्मा एका डुकराच्या खाण्याच्या कुंडीत सापडला. तो धुऊन आणला, तिघांनी पुन्हा चाखलं. या वेळी ओपल अर्ध्या नव्हे, चार गुणांनी हरली. तिने आपला केक खोक्यात ठेवला, दोरी बांधली आणि कोणाकडेही न बघता निघून गेली.

गाडीत बसून पाच मैल झाले. मग नेव्हा म्हणाली, "पायांचा भक्कमपणा, सात," आणि तिला गाडी कडेला घ्यावी लागली. दोघी डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. खुर्ची गेली हे दोघींना समजलं होतं, तरी हसू थांबेना.

"माझ्या खुर्चीच्या पायांना किती देशील?" डेल्फाने विचारलं.

"दोन," नेव्हा डोळे पुसत म्हणाली. "आणि ढबीला शून्य."

नोव्हेंबरात दहा काउंटींचे आकडे आले तेव्हा डेल्फा एकोणीस मतांनी मागे होती. टॅलमनचा आकडा सगळ्यात शेवटी आला. टॅलमनने तिला चारशे सहा मतांनी पुढे नेलं. नेव्हाने तो आकडा चार वेळा मोठ्याने वाचला आणि पाचव्या वेळी वाचताना खुर्चीवर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराशी केकची दोन खोकी होती. एकावर ड्वेनची चिठ्ठी : अभिनंदन. दुसऱ्यावर ओपलची, दोन्ही बाजूंनी भरलेली. तिने लिहिलं होतं की अकरा वर्षं जिंकत होते तेव्हा माझ्या केकबद्दल कुणी दोन मिनिटंही ऐकून घेतलं नाही. आता माझ्या केकला डुक्कर समजून गुण दिले हे मी तीनशे दहा जणांना सांगितलं आणि प्रत्येकाने पुन्हा सांग म्हटलं. मग मी त्यांना म्हटलं, तीन माणसांनी तो पुठ्ठा हाताळला, वाचला एकीनेच. खाली लिहिलं होतं, चार गुण मी विसरलेले नाही.

आता चाखायला हरकत नव्हती. डेल्फाने दोन सारखे तुकडे कापले, आधी ड्वेनचा खाल्ला, मध्ये पाणी प्यायली आणि ओपलचा केक तोंडात घातला. मग तिने ओपलच्याच केकचा आणखी एक तुकडा कापला.

"काय झालं?" नेव्हाने विचारलं.

"ओपलचाच चांगला आहे. थोडाथोडका नाही, खूपच. तिघंही चुकले."

"म्हणजे निकाल चुकीचा?"

"निकाल बरोबर," डेल्फा म्हणाली. "तीन माणसं, योग्य पुठ्ठे, चष्मा. चव ही खालच्या कोर्टाची बाब."

तेवढ्यात फोन वाजला. ओपलच होती.

"खाल्लात?"

"खाल्ला."

"ड्वेनचाही?"

"त्याचाही."

"मग?"

डेल्फाने समोर पाहिलं. ओपलचं खोकं अर्धं झालं होतं आणि नेव्हा त्यातच पुन्हा सुरी घालत होती.

"श्रीमती टिप्टन, ते मला सांगता येणार नाही."

पलीकडे ओपलने फोनच्या वहीचं पान उलटलं. मग म्हणाली, "सहा वर्षांनी परत मतं मागायला येणारच ना तुम्ही?"

"येणार."

"तेव्हाही नाही सांगणार?"

"तेव्हाही नाही."

"मग येत्या जत्रेला तरी या," ओपल म्हणाली. "उपाशीपोटी या आणि त्या डॉक्टरचा चष्मा तपासा. माझं बाकी काही म्हणणं नाही."